मी न लिहिलेली ओळ

आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिला. अब्बा पिंजारी. मंगळवार पेठेतल्या आमच्या खोलीत एका कोपऱ्यात त्यांची पिंजायची कमान टांगलेली असायची आणि बाकीच्या खोलीत कापूस. ताटात कापूस, केसांत कापूस, माझ्या शाळेच्या टोपीवरही कापूस. गावातल्या बऱ्याच घरच्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या होत्या. मामलेदार कचेरीतल्या कारकुनांच्या गाद्यासुद्धा दर वर्षी तेच पिंजून, पुन्हा भरून, शिवून द्यायचे. मॅट्रिक पास झाल्यावर त्याच कचेरीत मला उमेदवारी मिळाली तेव्हा अब्बांना फार आनंद झाला. त्यांनी एवढंच विचारलं, "गादी कवा मिळायची?"

हा प्रश्न साधा नव्हता. कचेरीत कायम कारकून गादीवर बसत, पाठीशी तक्क्या, पुढ्यात उतरतं मेज. उमेदवारानं दाराजवळ, जोडे काढतात त्या बाजूला, नुसत्या जाजमावर बसायचं. उमेदवाराला पगार नसतो. काम शिकायचं, वरिष्ठांच्या नजरेत भरायचं आणि एखादी गादी रिकामी झाली की कायम व्हायचं, अशी रीत. एक म्हातारे कारकून लवकरच घरी बसणार होते. म्हणजे एक गादी रिकामी होणार होती आणि उमेदवार मी एकटाच होतो.

महाराजांचा हुकूम झालेला होता की रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या तरी मागासलेल्या जातींच्या माणसांना द्याव्यात. त्या हुकमामुळं माझ्यासारख्याला कचेरीचं दार उघडलं, हे खरं आहे आणि मी ते कधी लपवलं नाही. पण आत गेल्यावर कळलं की तिथं मला नावच नाही. मी 'हुकमातला'. पाणी हवं असलं की "हुकमातल्याला सांगा", बोरू तासायचे असले की "हुकमातला कुठंय?" हे रागानं म्हणत नसत. हसत, पान चघळत म्हणत. रागानं म्हटलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

पहिल्याच दिवशी अव्वल कारकुनांनी मला एक जुना कागद दिला आणि त्याची नक्कल करायला सांगितली. मोडी मला चांगली येत होती. शाळेत माझं अक्षर फळ्याशेजारी लावत. मी बोरू शाईत बुडवला आणि मागं सावली पडल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर कचेरीतले सगळे माझ्या मागं उभे होते. हुकमातल्याचं अक्षर बघायला आले होते. माझा हात थरथरायला लागला. मी तो दुसऱ्या हातानं धरला, तर दोन्ही थरथरले. कागदावर शाईचा मोठा ठिपका पडला आणि मागून हसणं आलं.

अव्वल कारकून हसले नाहीत. ते पोक्त गृहस्थ होते. त्यांचे वडील, आजोबा त्याच कचेरीत कलम चालवून गेलेले. त्यांनी कागद हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "असू दे. हुकमानं नोकरी मिळते, अक्षर मिळत नाही. तू सध्या वाळू टाक."

वाळू टाकणं म्हणजे शाई वाळवणं. गावात टीपकागद आला होता, पण अव्वल कारकुनांना तो पसंत नव्हता. त्यांच्या कचेरीत लिहून झालेल्या कागदावर बारीक वाळू भुरभुरायची, क्षणभर थांबायचं आणि कागद तिरका करून ती परत डबीत ओतायची. कारकून लिहिणं संपलं की मान वर न करता कागद नुसता बाजूला धरत. मी उठून तो घ्यायचा. सगळा दिवस मी दुसऱ्यांच्या अक्षरांवर वाळू टाकत फिरायचो.

आठवडे गेले, महिने गेले. मी लिहायला मागितलं की अव्वल कारकून माझ्या हाताकडं बघत आणि म्हणत, "अजून वेळ आहे." मग एकदा मामलेदार रावसाहेबांनी विचारलं की उमेदवाराचं काम कसं आहे. अव्वल कारकुनांनी खरं तेच सांगितलं, की त्यानं अजून काही लिहिलेलं नाही. मी दाराशी वाळूची डबी घेऊन उभा होतो. लिहिलं नाही म्हणून लायक नाही, आणि लायक नाही म्हणून लिहायला द्यायचं नाही. हे चक्र मला तेव्हा स्पष्ट दिसलं, पण ते मोडायचं कसं ते दिसेना.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. मलाच ते पटायला लागलं होतं. घरी जेवताना अब्बा मागून गेले तरी माझ्या हातातला घास थरथरायचा. मी मनाशी म्हणायचो, आपल्या रक्तात कापूस आहे, शाई नाही. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मीच तयार केलं होतं, याची मला आज जास्त चीड येते.

कचेरीच्या आवारात एक चिंच होती. तिच्याखाली एक अर्जनवीस बसायचा. खेड्यातून आलेल्या लोकांचे अर्ज तो पैसे घेऊन लिहायचा. दुपारी तो जेवायला जाई आणि लोक त्याची वाट बघत बसत. मीही तिथंच सावलीला भाकरी खायचो. एके दिवशी मुरगूडकडची एक बाई माझ्यासमोर येऊन बसली. विहिरीवरच्या पाण्याची तिची पाळी दीर चुकवत होता, त्याबद्दल अर्ज द्यायचा होता आणि उन्हं उतरायच्या आत गावी परतायचं होतं. तिनं मला कचेरीतून बाहेर येताना पाहिलं होतं.

"तू आतला न्हवं? मग लिव की."

मी म्हणालो, "मला लिहायला देत नाहीत, मावशी."

"कोन देत न्हाईत?"

मी कचेरीकडं बोट दाखवलं.

"मग मी देतो की," ती म्हणाली आणि कमरेची कागदाची सुरळी काढून माझ्या मांडीवर टाकली. "लिव. पाळी माजी मंगळवारची हाय. त्यो मेला सोमवारीच मोट जुपतोय ती बुधवारपतोर सोडत न्हाई."

मी लिहायला बसलो. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी ती प्रत्येक ओळीवर नजर ठेवून होती आणि मी थांबलो की म्हणायची, "फुडं?" निम्मा कागद झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की हात थरथरत नाहीये. असं का व्हावं, हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित कचेरीतल्यांना मी चुकायला हवा होतो आणि त्या बाईला लिहायला, एवढाच फरक असावा.

तेव्हापासून अर्जनवीस जेवायला गेला की मी चिंचेखाली लिहायला लागलो. पैसे घेतले नाहीत. लोक म्हणत, "पावणं, आमचं बी तेवढं बघा की." अर्ज माझ्या हातचे, पण ते घेऊन लोक कचेरीत जात तेव्हा मी आत वाळूची डबी घेऊन उभा असे. अव्वल कारकून ते वाचत आणि मार्गी लावत. एकदा एका अर्जावर ते म्हणाले, "सरळ लिहिलंय. फापटपसारा नाही." मी त्यांच्याच कागदावर वाळू टाकत होतो. आतून गुदगुल्या झाल्या, पण मी गप्प राहिलो.

मग ती मुरगूडची बाई परत आली. तिची पाळी तिला मिळाली होती. ती थेट कचेरीत शिरली, रावसाहेबांपुढं हात जोडले आणि वळून माझ्याकडं बोट करून मोठ्यानं म्हणाली, "ह्या लेकरानं लिवला म्हनून झालं. लई ग्वाड लिवतंय."

ती माझं भलं करायला आली होती. कचेरीत सगळे बोरू थांबले.

सरकारी माणसानं पक्षकाराचा अर्ज लिहू नये, असा नियम आहे. मला तो कुणी सांगितला नव्हता, पण माझ्या मनाला अंदाज होता, हे मी कबूल करतो. रावसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. इथं लिहायला मिळेना म्हणून तिथं लिहिलं, असं म्हणालो. ते म्हणाले की नियम मोडला आहे, माफीनामा लिहून दे, म्हणजे हे प्रकरण मिटेल आणि पुढल्या महिन्यात रिकाम्या होणाऱ्या गादीचाही विचार करता येईल. मजकूर अव्वल कारकून सांगतील.

मला मेज दिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी कचेरीत मेजापुढं बसलो होतो. सगळे माझ्या मागं उभे राहिले, अगदी पहिल्या दिवसासारखे. हात थरथरायला लागला. या वेळी मी तो धरला नाही. थरथरू दिला. अव्वल कारकून सांगू लागले.

पहिली ओळ होती, नियमाविरुद्ध पक्षकारांचे अर्ज लिहिले, ही माझी चूक झाली. मी लिहिली. अक्षरं थोडी वाकडी आली, पण वाचता येत होती.

दुसरी ओळ त्यांनी सावकाश सांगितली. "माझी लेखनकामाची लायकी नसताना मी ते केले."

मी बोरू खाली ठेवला.

"लिही," ते म्हणाले.

"चूक झाली ते लिहिलं, भाऊसाहेब. लायकी नाही हे लिहिणार नाही."

"त्यात खोटं काय आहे? हात बघ तुझा."

"हात थरथरतो. पण माझ्याच एका अर्जाला तुम्ही सरळ म्हणाला होता."

मागं कुणीतरी खाकरलं. अव्वल कारकुनांचा चेहरा उतरला आणि मग कठीण झाला. रावसाहेब वैतागून म्हणाले की अरे, एक ओळच आहे, लिहून टाक, कोण वाचतंय. मी म्हणालो की रावसाहेब, दप्तरात गेलेला कागद कुणीतरी वाचतंच. उद्या हुकमातला दुसरा कुणी आला की हाच कागद काढून दाखवतील, आणि म्हणतील की बघा, त्यांच्यातल्याच एकानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय.

इतकं सलग मी त्या कचेरीत कधी बोललो नव्हतो.

मग मी पहिल्या ओळीखाली सही केली. वाळूची डबी जवळ ओढली आणि माझ्या अक्षरांवर वाळू टाकली. त्या कचेरीत माझ्या स्वतःच्या लिहिण्यावर टाकलेली ती पहिली आणि शेवटची वाळू. कागद तिरका करून ती परत ओतली आणि कागद रावसाहेबांपुढं ठेवला.

त्यांनी तो वाचला. "एवढ्यानं भागत नाही," असं म्हणाले. त्याच संध्याकाळी माझी उमेदवारी संपली.

घरी सांगितलं तेव्हा अब्बा कापूस पिंजत होते. कमानीचा आवाज बंद झाला. मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील. तसं काही झालं नाही.

"एक वळ लिवली असतीस तर गादी मिळाली असती," ते म्हणाले.

"मिळाली असती."

"माफी मागून कोन मरतंय व्हय? मी रोज मागतोय गिऱ्हाइकाची."

"माफी मागितली, अब्बा. नालायक आहे म्हणून लिहून दिलं नाही."

कमान पुन्हा सुरू झाली, नेहमीपेक्षा जोरात. कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांची बाजू मला समजत होती. ज्या गाद्या त्यांनी आयुष्यभर भरल्या, त्यातल्या एकीवर मुलगा बसलेला त्यांना बघायचा होता. मी ते त्यांना मिळू दिलं नाही. पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा बोरू खाली ठेवीन.

त्यानंतर मी परगावच्या कॉलेजात नाव घातलं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगात जागा मिळाली म्हणून ते जमलं. तिथंही परीक्षेत मास्तर मागं येऊन उभे राहिले की हात थरथरतो. पूर्वी मी थांबायचो. आता थांबत नाही. वाकडं तर वाकडं, पण लिहितो. आजवर कुणी वाकड्या अक्षरासाठी माझे गुण कापलेले नाहीत.

सुट्टीत घरी आलो आणि पहिल्याच दिवशी चिंचेखाली जायला निघालो. आता मी नोकरीत नाही, त्यामुळं नियमाची आडकाठी नाही, आणि अर्जनवीस जेवायला अजूनही त्याच वेळी जातो. दारातून बाहेर पडताना अब्बांनी हाक मारली. त्यांच्या हातात एक लहान चौकोनी गादी होती, नव्या कापसाची, घट्ट शिवलेली.

"खाली दगुड हाईत," ते म्हणाले आणि आत गेले.

ती गादी टाकून मी चिंचेखाली बसलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्ज लिहीत होतो, तेवढ्यात मागं कुणीतरी येऊन थांबलं. मी वळलो नाही. जोड्यांच्या ओळखीच्या करकरीवरून ओळखलं. अव्वल कारकून दुपारचे आवारातून चालले होते आणि थांबले होते. हात थरथरायला लागला.

"अजून थरथरतो," ते म्हणाले.

"थरथरतो, भाऊसाहेब. बी.ए. झालो की पुन्हा तुमच्याच कचेरीत अर्ज करणार आहे. तोही ह्याच हातानं लिहीन."

ते उभेच होते. माझ्या खालच्या गादीकडं बघत होते बहुतेक, कारण तशीच शिवण त्यांच्याही गादीची आहे. म्हाताऱ्याला आमच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं काठीनं कागदाकडं खूण केली.

"फुडं लिवा की, पावणं."

मी पुढं लिहिलं.