शिवणकाकूंच्या हातचं

नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोकांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं तोंडपाठ असतात. बैठकीची खोली तो फक्त जाता-येता पाहतो. आमच्या गल्लीतल्या नळकाकांचं आयुष्य असंच गेलं. सिंकखाली डोकं घालून ते निम्म्या वस्तीला ओळखायचे. त्यांची बायको त्याच वस्तीला मापांवरून ओळखायची. तिला सगळे शिवणकाकू म्हणत. शाळेचे गणवेश, मुलींचे फ्रॉक, पहिल्या नोकरीचे शर्ट, लग्नाचे पायघोळ झगे, सगळं तिच्या मशीनखालून गेलेलं.

मग तिच्या बोटांचे सांधे आखडले. आधी सुईत दोरा ओवायला नवरा लागायचा, पुढे कात्रीही धरवेना. एक दिवस तिनं मशीन भाचीला देऊन टाकलं आणि खिडकीजवळ मोकळ्या झालेल्या जागेत खुर्ची ओढली.

"जन्मभर शिवलं," ती म्हणाली, "पण घरात दाखवायला चिंधी नाही. सगळं लोकांच्या अंगावर गेलं."

तक्रार नव्हती ती. भाजी निवडता निवडता बोलली आणि विसरली. काकांच्या मनात मात्र ते घर करून राहिलं. मुलीकडे गेले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, कपडे परत मिळायचे नाहीत, पण फोटो मिळतील. आईनं शिवलेले कपडे घातलेल्या लोकांचे. त्याचं पुस्तक करू. हल्ली घरबसल्या छापून घेता येतं, एकच प्रत हवी असली तरी. वाढदिवसाला देऊ तिला."

"आणि फोटो कोण गोळा करणार?"

"तुम्ही. सगळ्यांची घरं तुम्हालाच तर माहीत आहेत."

घरं माहीत होती, पण बैठकीच्या खोलीत बसून काही मागायची काकांना सवय नव्हती. पहिल्या घरी ते पाना हातात धरूनच सोफ्याच्या टोकावर टेकले. बाईंना वाटलं, नळ बदलावा लागणार हे सांगायला आलेत. काकांनी कसंबसं काम सांगितलं, तशा बाई हसत उठल्या आणि कपाटातून अल्बमची चवड घेऊन आल्या. त्या दिवशी काकांना चहा मिळाला, बाईंच्या थोरलीच्या शाळेची सगळी वर्षं पाहायला मिळाली, आणि निघताना स्वयंपाकघरातला नळही गळतोय असं कळलं.

त्यांनी मोबाईलवर काढलेले पहिले फोटो बघून मुलीनं कपाळाला हात लावला. अल्बमवरच्या प्लास्टिकचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर आला होता. "बाबा, ह्यात माणसं कमी आणि ट्यूबलाईट जास्त आहे." मग काका शिकले. फोटो खिडकीशी न्यायचा, उन्हाकडे पाठ करायची, श्वास रोखायचा. घरी मात्र बायकोला संशय यायला लागला.

"एवढे नळ एकदम कसे गळायला लागले?"

"पाण्याचा दाब वाढलाय," काका म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते वाक्य त्यांनी टॉवेलकडे बघत म्हटलं.

एका घरी म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. त्यांची बायको वारली होती. निळ्या कोटातला तिचा फोटो त्यांनी काढून आणला, पण हातातून सोडवेना. "तुम्ही मोबाईलवर घ्या फोटो, मी धरतो," ते म्हणाले. त्यामुळे कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. मुलगी तो कापायला निघाली तेव्हा काकांनी तिला थांबवलं. "राहू दे. त्यांनी धरला म्हणून मिळाला."

पानांखाली काय लिहायचं यावर बापलेकीची बरीच हुज्जत झाली. मुलीला छान छान वाक्यं हवी होती. काका म्हणाले, कोण आणि कधी, एवढं पुरे. शेवटी तसंच झालं. 'दुसऱ्या मजल्यावरची धाकटी, कामावरचा पहिला दिवस.' 'पोस्टमनचे जुळे, एकाच कापडाचे शर्ट.' मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'शिवणकाकूंच्या हातचं'.

वाढदिवसाच्या सकाळी पुस्तक काकूच्या मांडीवर आलं. तिनं नाव वाचलं, चष्मा पुसला आणि पानं उलटायला लागली. काका आणि मुलगी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती मात्र फोटोतल्या तोंडांकडे बघतच नव्हती.

"ही बाही मी दोनदा उसवली होती," ती म्हणाली. "आणि हा फ्रॉक धुऊन आटलाय. सांगितलं होतं तिच्या आईला, कापड आधी भिजव म्हणून." निळ्या कोटापाशी ती थांबली. कोपऱ्यातल्या अंगठ्यावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

पुढे एक नवरी होती, सायीच्या रंगाच्या लांब झग्यातली. फोटो सगळ्यात मोठा, अख्खं पान तिलाच दिलेलं.

"हा माझा नाही," काकू म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. "अगं, नवरीच्या आईनं छातीठोकपणे सांगितलं."

"विसरली असेल ती. त्या लग्नाच्या वेळी माझं मनगट मोडलं होतं. मीच तिला चौकात पाठवलं होतं."

चौकातल्या टेलरबाई आणि शिवणकाकू यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. एकमेकींची गिऱ्हाइकं पळवल्याचा जुना वाद, रस्त्यात समोरासमोर आल्या तर दोघींनाही अचानक पलीकडच्या फुटपाथवर काम निघायचं. मुलगी घाईनं म्हणाली, "आई, ते पान काढून टाकू. परत छापून घेऊ."

काकू बराच वेळ त्या झग्याकडे बघत राहिली. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "कमरेच्या चुण्या बघ कशा बसवल्यात," ती शेवटी म्हणाली. "मला नसत्या जमल्या."

संध्याकाळी तिनं पुस्तक पिशवीत घातलं आणि काकांना म्हणाली, "चला." कुठे, ते सांगितलं नाही. काका निमूटपणे मागे गेले. चौकातलं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. टेलरबाईंनी वर बघितलं आणि त्यांच्या हातातली टेप तशीच राहिली.

"बसते जरा," काकू म्हणाली. पुस्तक उघडून तिनं ते कापायच्या टेबलावर ठेवलं. "ही नवरी ह्यांनी माझ्या नावावर छापली. काम तुमचं आहे."

टेलरबाई वाकून बघत राहिल्या. "त्या चुण्यांनी डोळे गेले होते माझे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "माझ्याकडे माझ्या कामाचा एकसुद्धा फोटो नाही हो."

"मग हा तुमचाच. सांगायला आले."

टेलरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. पहिल्या पानापासून सुरुवात झाली. एका कॉलरवरून दोघींचा मतभेद झाला, तो मिटायच्या आत काजांवरून दुसरा झाला. काका दाराशी उभे राहिले, मग पायरीवर बसले. तासाभरानं टेलरबाईंनी बाहेर डोकं काढून विचारलं, "तुम्ही कुणाकुणाच्या घरी जाता हो, नळाच्या कामाला?"

काका समजले.

पुढचे काही महिने वस्तीतले नळ पुन्हा गळू लागले. दुसऱ्या पुस्तकाची पानं मुलीनंच लावली. नवरी त्यात पहिल्या पानावर गेली. काकूच्या पुस्तकातही ती राहिली. खाली चिकटवलेल्या पट्टीवर काकूनं आपल्या वाकड्या बोटांनी लिहिलं, 'हे चौकातल्या टेलरबाईंचं काम.' हल्ली दुपारी काकू दुकानात जाऊन बसते. हातात कात्री धरवत नाही, पण कापड कसं कापू नये हे सांगायला कात्री लागत नाही. टेलरबाई म्हणतात, डोक्याला ताप झालाय. आणि काकूला यायला उशीर झाला की दारात येऊन गल्लीकडे बघतात.