सहा सालांची लाल दारू

त्या दुपारी आमच्या अकोल्याच्या घराची दारं-खिडक्या बंद होती. तेव्हा राज्यात दारूबंदी होती, पण मला पोलिसांपेक्षा बाबांची भीती वाटत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून मद्य न पिण्याच्या शीलाबाबत ते कोणाची गय करत नसत. आणि द्राक्षांचं शिक्षण घेऊन ऑस्ट्रेलियाहून परतलेला माझा भाऊ, चोरून नको म्हणून, त्यांच्याच समोर सहा बाटल्या मांडून बसला होता. एकाच मळ्याची, तिकडची नावाजलेली लाल दारू, सहा वेगवेगळ्या सालांची.

"प्याची नाही, बाबा. चाखून थुंकाची. तिकडं असंच पारखतेत."

"थुंक मंग. मी पाहून राहिलो," बाबा म्हणाले.

भाऊ एकेक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा आणि चव सांगायचा. मी वहीत लिहून घेत होते. नवी तुरट, मधली जांभळासारखी. बाबांची नजर त्याच्या गळ्यावरून हलत नव्हती. सहाव्या, सगळ्यात जुन्या बाटलीचा घोट त्यानं फार वेळ तोंडात धरला. बाबा खाटेवरून उठले. तेव्हा कुठे तो थुंकला.

"हिची चव मले सांगता येत नाही," पेला माझ्याकडे सरकवत तो म्हणाला. "तूच चाखून सांग."

मी घोट घेतला. बाबा अजून त्याच्याच गळ्याकडे रोखून पाहत होते. पोरीचा गळा कोण पाहतो!

मी सावकाश गिळला.