गणाशेठच्या दारातला बॅण्ड

"मास्तर, पुढे हाव आपण! पोरांना उभं कर," गणाशेठ टीव्हीसमोरून ओरडला. मी बॅण्डच्या पोरांना उभं केलं. थोड्या वेळाने म्हणाला, "बसव रे. मागं गेलो."

सुकापूरला त्याच्या अंगणात सकाळपासून हेच चाललं होतं. लोकसभेची मतमोजणी होती. दिल्लीत कुणाचं सरकार येणार, टीव्हीवाल्यांनाही सांगता येत नव्हतं. गणाशेठ त्याच्या पक्षाचा गावातला मोठा माणूस, आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त.

मी बॅण्ड मास्तर. क्लॅरोनेट वाजवतो. शाळेत फार गेलो नाही, पण धंद्याचे नियम मला कुणी शिकवू नयेत. सुपारी म्हणजे शब्द. यजमानाने सुपारी हातावर ठेवली की तो दिवस त्याचा. दुसरा नियम माझ्या बापाचा. वाद्यं दारात उतरवली की मुकी परत न्यायची नाहीत. निदान एक चाल वाजवायचीच.

दुपारी समोरच्या पक्षाचा एकजण मोटारसायकलवरून आला.

"काका, आमच्याकडे चला. इथे आज काय वाजणार नाय."

"सुपारी गणाशेठची हाय."

"अवो, तुमचा शेठ पडतोय!"

"पडू दे. सुपारी पडत नाय."

गणाशेठने ते आतून ऐकलं. लगेच आम्हाला परत चहा आला.

संध्याकाळी निकाल लागला. दिल्ली गेली आणि इथली सीटपण गेली. कार्यकर्ते आपापल्या चपला शोधून निघाले. गणाशेठने दार लावून घेतलं. आमचा ढोलवाला रघू म्हणाला, "मास्तर, भरू सामान टेम्पोत?"

"मुकी न्यायची नाय."

"अरे, पण तो हरलाय!"

"आपण दिवसाची सुपारी घेतलीय. जिंकायची नाय."

मी देवाची एक संथ चाल धरली. वाटलं, दोस्ताला तेवढाच धीर. नेमकी त्याच वेळी जिंकलेल्यांची मिरवणूक त्या रस्त्याला वळली. बॅण्ड ऐकून सगळे फाटकातून आत घुसले आणि गुलाल उधळून नाचायला लागले. मी क्लॅरोनेट खाली केलं, तर वर शिट्ट्या, "वाजव मास्तर, वाजव!"

गणाशेठ खिडकीत आला. त्याच्या पायरीवर गुलाल पडला होता.

"तू पण, मास्तर?" एवढंच बोलला आणि खिडकी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी समजवायला गेलो. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "झोपलेत." त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तो झोपलेलाच.

त्याच्या पोरीच्या हळदीला मीच वाजवणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. हळदीला बॅण्ड उरणचा आला. मला आमंत्रण होतं. पंगतीत बसून जेवलो. त्यांचा क्लॅरोनेटवाला बेसूर होता. सांगणार कुणाला?

नियम चुकला असं मी आजही म्हणणार नाही. पण निवडणुकीची सुपारी घेऊन कुणी आला की आधी विचारतो, "पडलात तर काय वाजवू?"

अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. मी सुपारी परत देतो.