डब्यातलं हळकुंड

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही, हळदीचा वास आला तरी पुरतं. धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असतानाच पेंडीचा एक व्यापारी घरफोडीची फिर्याद घेऊन आला. कपाटातले बायकोचे दागिने गेले होते.

बायको वर्षभर अणदूरला माहेरी होती. दोघांचा संमतीनं घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. पुढच्या तारखेला दागिने तिला परत द्यायचे आणि मग दोघांनी सह्या करायच्या, असं ठरलेलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात चोरी! पोलिसाच्या नाकाला असा योगायोग लगेच झोंबतो.

दुपारी तिचा भाऊ तावातावानं ठाण्यात आला. "साहेब, ह्यो सोनं दाबायचा डाव हाय. त्या सोन्यावर बहीण पिठाची गिरणी टाकणार हाय. दुसरं काय हाय तिच्याजवळ?"

त्याचं खरं होतं. पोटगी तिनं स्वतःच नको म्हटली होती, तिची सगळी भिस्त त्या सोन्यावरच. आणि कायद्यानं स्त्रीधनात वाटणी नसते. ते नवऱ्याच्या कपाटात असलं तरी मालकी बाईचीच. पावत्या नसल्या तर लग्नाचे फोटोही कामी येतात, हे मी त्याला समजावलं आणि फोटो आणायला सांगितलं.

पंचनाम्यात कडीकोयंडा शाबूत मिळाला. कपाट किल्लीनं उघडलेलं. दागिन्यांचा पितळी डबा जागेवरच होता आणि आत एक हळकुंड, चिमूटभर तांदूळ. हवालदारानं तेही इमानेइतबारे लिहून घेतलं, डबा जप्त केला. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

दोन दिवसांनी पेंडीच्या दुकानासमोरचा चहावाला कानाशी लागला. हा आमचा जुना खबऱ्या. "साहेब, त्येच्या गोदामात एक पोतं हाय. बुरशी धरलीया, तरी विकत न्हाय अन् फेकत बी न्हाय. हमालाला हात लावू देत न्हाय. बुरशीची पेंड कोण जपतं?"

लगेच झडती घेता आली असती. पण आधी बाईचा जबाब घ्यावा, दागिन्यांची ओळख पक्की करावी, म्हणून तिला बोलावलं. ती फोटो घेऊन आली. प्रत्येक दागिन्यावर बोट ठेवून सांगत होती. मग तिची नजर टेबलावरच्या उघड्या डब्यावर गेली आणि तिनं फोटो खाली ठेवला.

"ह्ये हळकुंड कुणी ठिवलं?"

"चोरी झाली तेव्हा आतच होतं."

"माझ्या सासूबाईंची रीत हाय साहेब. दागिना काढला की डबा रिकामा ठिवायचा न्हाय. हळकुंड अन् तांदूळ घालायचं, म्हंजी लक्ष्मी परत येती."

"मग हा चोर तुमच्या सासूबाईंच्या हाताखाली शिकलेला दिसतो."

ती हसली. लगेच डोळे भरले. सासूबाई वारल्या होत्या. ही रीत आणखी कुणाला माहीत, असं विचारल्यावर खाली बघत म्हणाली, "मला. अन् त्यांना."

संध्याकाळी व्यापाऱ्याला बोलावलं. आवाज चढवला नाही. हळकुंड समोर ठेवलं आणि म्हटलं, "चोरानं आईची आठवण ठेवली, पण तो पोलिसांना मूर्ख समजला." त्यानं हळकुंड हातात घेतलं. मग म्हणाला, "सोनं पेंडीच्या पोत्यात हाय. त्यातलं गुंजभर बी हललं न्हाय."

"का केलंत हे?"

"वकिलांनी कागद वाचून दाखवला. दागिने दिले की त्यात लिहायचं, एकमेकांचं आता काही घेणं-देणं राहिलं न्हाय. त्ये वाक्य मला नको होतं, साहेब. काहीतरी राहू द्या म्हटलं."

"अहो, मग अणदूरला न्यायला का गेला नाहीत? ती वाट बघत असेल."

"आधी राग होता. मग लाज वाटाय लागली. मग तारीख पडली."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. आपल्याकडं रुसून माहेरी गेलेली बाई आपणहून येत नाही, नवऱ्यानं न्यायला जायचं असतं. तो गेला नाही, ती आली नाही, आणि मधल्या रिकाम्या जागेत नातेवाईक आणि वकील येऊन बसले.

पोत्यातून सोनं जसंच्या तसं निघालं. बाईनं विनवलं, आता सोनं मिळालं, पुढं वाढवू नका. पण भावना कितीही खरी असली तरी फिर्याद खोटी होती. तसा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि त्याला दंड झाला.

कोर्टाच्या हुकमानं मुद्देमाल परत देताना दोघंही ठाण्यात होते. तिनं दागिने मोजून रुमालात बांधले. डबा सासूबाईंचा, म्हणून तो त्याच्याकडं सरकवला. पण त्यानं उचलायच्या आतच तिनं तो पुन्हा ओढून घेतला, बाजूला ठेवलेलं हळकुंड आत टाकलं आणि झाकण लावलं.

"रिकामा नेऊ नका," ती म्हणाली.

तो उठून उभा राहिला. "न्यायला येऊ?" असं त्यानं अगदी हळू विचारलं. ठाण्यात सगळे कागदात डोकं घालून बसले. ती म्हणाली, "लई उशीर केला तुम्ही." भावाच्या मागोमाग ती बाहेर पडली. पुढच्या तारखेला सह्या झाल्या. अणदूरला तिची गिरणी सुरू झाल्याचं नंतर कानावर आलं.

नोकरीत मी पुष्कळ चोर पकडले. माणूस वस्तू का दडवतो, हे मात्र या एका प्रकरणानं शिकवलं. कधीकधी त्याला वस्तू नकोच असते, ती न्यायला कुणीतरी परत यावं एवढंच हवं असतं.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. मुलगी आईच्या पाटल्या घेऊन सासरी परतली. तिचाच हक्क होता, मीच हातात दिल्या. नंतर कपाट उघडलं तर डबा रिकामा. तसाच चपला घालून किराणा दुकानात गेलो आणि हळकुंड मागितलं.

"किती देऊ, साहेब?"

"एकच," म्हटलं.