गाळलेलं पाणी

नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी निळं झालं की त्यात फॉस्फेट आहे, म्हणजे माशांच्या टाकीत शेवाळ माजणार. या शेवाळाचा मला भारी तिटकारा. म्हणून कित्येक महिने मी फॉस्फेट शोषून घेणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या गाळणीतून गाळल्याशिवाय टाकीत तांब्याभरही पाणी ओतलेलं नाही. आता नळी निळी होत नाही. काच लख्ख आहे. आणि आतली झाडं पिवळी पडून मरताहेत.

टाकीतले मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "साहेब, फारच गाळलंत. शेवाळ ज्यावर वाढतं, त्यावरच झाडंही जगतात."

मी टाकीपलीकडच्या खोलीकडे पाहिलं. आईची कॉट अजून तिथेच आहे.

ऑपरेशननंतर तिची खोलीही मी अशीच ठेवली होती. दिवसातून दोनदा फिनेल, चपला बाहेर, भेटायला कुणी नको. शेजारच्या सुमनकाकू मेतकूट-भाताचा डबा घेऊन आल्या. "लांबूनच बघते रे तिला," म्हणाल्या. मी दारातूनच परत पाठवलं. आईची जखम छान भरली. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, मग जेवण, आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "कुणी आलं होतं का रे?"

आणि मी, गाढव, अभिमानाने सांगायचो, "आले होते. पण एकालाही आत येऊ दिलं नाही."