मंजुळा मढवी आणि आठपटीचा घोळ

मंजुळा मढवी आमच्या कंपनीत लागली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून, सत्त्याऐंशी साली. मूळची डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचीच. रंगांची रसायनं बनवणारा आमचा कारखाना जिथे उभा होता, तिथे आधी तिच्या वडिलांची भातशेती होती. जमीन घेताना घरातल्या एकाला नोकरी द्यायचं कबूल झालेलं. भाऊ नव्हता, म्हणून बारावी झालेली मंजुळा आली आणि बोर्डावर बसली.

नऊ वर्षांत तिचा कान असा तयार झाला की नुसत्या खरखरीवरून ती सांगायची, "तीन नंबरच्या शेडमागे जॉइंटमध्ये पाणी गेलंय." लाइनमन जाऊन बघायचा, तर खरंच पाणी.

शहाण्णव साली आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं आणि तिचा बोर्ड भंगारात गेला. तिला गेटवरच्या रजिस्टरवर बसवायचं ठरलं. ती सरळ मोठ्या साहेबांकडे गेली. "मला कॉम्प्युटरच्या खोलीत द्या."

"तुम्हाला काय येतं त्यातलं?"

"काही नाही. आले तेव्हा बोर्डाचं तरी कुठे येत होतं?"

साहेब हसले आणि तिला सहा महिने दिले. ती रोज सकाळी सातला स्टेशनजवळच्या क्लासला जायची आणि साडेनऊला कामावर. मी तेव्हा लॅबमध्ये होते. डबा आम्ही एकत्र खायचो. तेव्हाही तिच्या मांडीवर वही उघडी असायची.

नव्याण्णवमध्ये खरी परीक्षा आली. आमच्या कारखान्यातून ठाण्याच्या मुख्य ऑफिसला टेलिफोन खात्याची एक कायमची लाइन होती, चौसष्टच्या वेगाची. लॅबचे रिपोर्ट आणि डिस्पॅचच्या, म्हणजे माल बाहेर सोडायच्या, परवानग्या तिच्यावरूनच जायच्या. त्या वर्षी नव्या प्लांटची ड्रॉइंग्ज ठाण्याला पाठवणं सुरू झालं. एकेक फाइल अगडबंब. ती सुटली की आमचे स्क्रीन गोठायचे. मी इथे एक अक्षर दाबावं, ते ठाण्याच्या मशीनवरून फिरून चार-पाच सेकंदांनी उमटावं. गेटबाहेर ट्रक उन्हात उभे. गुणाजी नावाचा एक जुना ड्रायव्हर रोज लॅबच्या खिडकीशी येऊन विचारायचा, "बाई, कागद सुटला का?"

ठाण्याचा इंजिनियर सहदेव लाइनवरची ये-जा सांभाळणारं एक लिनक्सचं मशीन आमच्याकडे बसवून गेला. ड्रॉइंग्जना चौसष्टपैकी चाळीसच द्यायचे, उरलेले डिस्पॅचला आणि लॅबला, असा नियम त्याने त्यात लिहिला. फरक शून्य पडला.

"लाइनच खराब आहे, मंजुळाताई," सहदेव फोनवर म्हणाला. "टेलिफोनवाल्यांकडे तक्रार टाका. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही, तर डिस्पॅच ठाण्याहूनच करायचं म्हणतायत वर."

म्हणजे डिस्पॅचच्या तीन बायका घरी. मंजुळाने फोन ठेवला आणि म्हणाली, "लाइन खराब नाही. खराब लाइन मी ओळखते."

पण ओळखते म्हणून कोण ऐकणार? तिने मोजलं. दर तासाला ठाण्याच्या मशीनला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते वहीत लिहायचं. ड्रॉइंग जात नसताना उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. जात असताना चार सेकंद. उत्तर उशिरा यायचं, पण खराब लाइनवर हरवतं तसं हरवायचं नाही. शिवाय नियमाने आजवर किती वेळा ड्रॉइंगला अडवलं, याचा आकडा मशीन स्वतः ठेवायचं. तो होता शून्य.

"रखवालदार उभा आहे, पण त्याने अजून एकालाही थांबवलेलं नाही," ती मला म्हणाली.

तिला वाटलं, नियम चुकीच्या कार्डावर बसलाय. मशीनला तारा जोडायची दोन कार्डं होती, एक कारखान्याच्या बाजूचं, एक ठाण्याकडे जाणारं. तिने बदल करून नेटवर्क पुन्हा चालू केलं आणि ठाणं पार तुटलं. भर दुपारी पाऊण तास सगळं ठप्प. बाहेर हॉर्नचा नुसता कल्ला. घाम पुसत ती एकेक ओळ तपासत होती. ठाण्याकडे जायचा रस्ताच मशीन विसरलं होतं. तो कधीतरी हाताने टाकलेला, सुरू होतानाच्या फाइलमध्ये लिहिलेलाच नव्हता. तिने तो टाकला, फाइलमध्येही लिहिला, नियम पुन्हा ठाण्याकडे जाणाऱ्या पहिल्याच कार्डावर ठेवला, आणि सहदेवला स्वतःहून फोन केला.

"माझ्यामुळे बंद पडलेलं. आता चालू आहे."

"तुम्ही त्याला हात लावू नका, ताई. हा टेलिफोनचा बोर्ड नाही."

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही. संध्याकाळी आई, आवडाबाई, म्हणाली म्हणे, "गो, नाय जमत तं सोड." मंजुळा म्हणाली, "कार्ड बरोबर होतं. म्हणजे चूक दुसरीकडे आहे. एवढं तरी कळलं."

शनिवारी ड्रॉइंगवाले सुट्टीवर असायचे. तिने सहदेवकडून शनिवारची एक दुपार मागून घेतली. "ठाण्याच्या बाजूला हात लावणार नाही," असा शब्द दिला. तोच नियम तिने कारखान्याच्या बाजूच्या कार्डावर चढवला आणि एक मेगाबाइटची फाइल शेजारच्या मशीनवर पाठवली. मला हातात घड्याळ धरून उभं केलं. चाळीसच्या वेगाने दोनशे पाच सेकंद लागायला हवे होते. लागले सव्वीस. पुन्हा पाठवली. सव्वीस.

तिने कागदावर भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं. "आठपट. बरोबर आठपट."

"मग?"

"अगं, लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. आपण चाळीस किलोबिट म्हणतोय आणि हा समजतोय चाळीस किलोबाइट!"

तिने छापून ठेवलेली प्रोग्रॅमच्या माहितीची पानं उलटीपालटी केली. तिसऱ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात होतं: सहदेवने लिहिलेलं एकक या प्रोग्रॅमला बाइटचं वाटतं, बिटसाठी वेगळा शब्द आहे. चौसष्टच्या लाइनवर चाळीस आठे तीनशेवीसची मर्यादा! त्यापर्यंत कोण पोचणार आणि कोणाला अडवणार?

तिने शब्द बदलला. फाइल पाठवली. मी सेकंद मोजत होते. शंभर, दीडशे, दोनशे... दोनशे सात.

सोमवारी सहदेवच्या परवानगीने तो बदल ठाण्याच्या बाजूला गेला. अकरा वाजता ड्रॉइंगवाल्यांनी सगळ्यात मोठी फाइल सोडली. मी रिपोर्ट टाइप केला, अक्षरं बोटांबरोबर उमटत गेली. अडवल्याचा तो शून्यावर थांबलेला आकडा भराभर वाढत होता. मंजुळा खुर्चीच्या कडेला बसून तो बघत होती.

दुपारी सहदेवचा फोन आला. "ताई, काय केलंत?"

"एक शब्द बदलला." तिने सगळं सांगितलं.

मग तो म्हणाला, "चूक माझी. मी वर तसं कळवतो. आणि ते बोर्डाचं बोललो, ते..."

"असू दे. शहाडच्या आपल्या गोदामातही तुम्ही हाच नियम टाकलाय ना?"

"हो."

"मग उद्या सकाळी मी तिकडे जाते. तुम्ही फक्त पासवर्ड सांगून ठेवा."

डिस्पॅच डोंबिवलीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी मंजुळा वही पिशवीत घालून शहाडला गेली. तिथे चूक तीच होती, पण त्या मशीनला तिसरंही एक कार्ड होतं, आणि ते कशाला बसवलंय हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हतं. चूक दुरुस्त करून, ते कार्ड कशाचं हे शोधून वहीत लिहून ती बाहेर आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते.