नणंदेचे सासरे आणि इंजिनाचं पाणी

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांइतकी काळजी या जगात कुणी कुणाची केली नसेल, फक्त ती काळजी माणसांच्या वाट्याला फारशी यायची नाही. ती सगळी त्यांच्या पिकअपच्या इंजिनासाठी राखून ठेवलेली असे. घरात कुणी शिंकलं, खोकलं, अगदी अंथरूण धरून पडलं, तरी आबा शांत. पण गाडीचा काटा जरा वर सरकला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. "गाडी गरम झाली" असं ते कधीच म्हणत नसत. "तिले ताप येल शे" म्हणायचे, तेही आवाज खाली घेऊन, जणू तिला ऐकू गेलं तर ती आणखी घाबरेल. मग खाली उतरून बॉनेटवर उलटा हात ठेवायचे, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून उभे राहायचे. मी परिचारिका असल्याने एकदा गमतीने थर्मामीटर पुढे केला होता. त्यांनी तो हातात घेऊन खरोखर विचार केला, आणि मग माझाच चेहरा पडला.

त्यांचं गाव पारोळ्याजवळ. फैजपूरकडची केळी उचलायची आणि धुळ्याच्या बाजारात टाकायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. गाडी थोराड, माल ओढायला दणकट, पण उन्हाळ्यात भरली की तापायचीच. त्यामुळे जळगाव ते धुळे या रस्त्यावरचं सावलीचं प्रत्येक झाड आबांना नावानिशी नाही तरी नात्यानिशी ठाऊक होतं. पुढे रस्ता मोठा झाला, झाडं गेली, पण आबांच्या डोक्यातली काही केल्या गेली नाहीत. "त्या मोठ्या निंबपाशी वळ" असं सांगायचे, आणि तिथे निंबाच्या जागी दुभाजक असायचा. नवखा माणूस त्यांच्या खुणांवर विसंबला तर अजून फिरतच असेल.

पण खरी गंमत पाण्याची. रेडिएटरमध्ये गावोगावचं पाणी घालणं म्हणजे आबांच्या दृष्टीने घोर पाप. खाऱ्या पाण्याची आतून पुटं चढतात आणि इंजिनाचा जीव गुदमरतो, असं ते सांगायचे. मेकॅनिकने एकदा हिरवं कूलंट आणून दिलं तर बाटली उजेडात धरून म्हणाले, "हाई काय, सरबत शे का?" आणि परत केली. त्यांच्या इंजिनाला लागायचं ते त्यांच्याच विहिरीचं पाणी, तेही उकळून, गार करून, फडक्यातून गाळलेलं. घरात सून बाळंतीण असतानासुद्धा चुलीवर आधी इंजिनाचं पाणी चढायचं. ते तेलाच्या एका पांढऱ्या कॅनमध्ये भरलेलं असे आणि त्या कॅनला आबा दसऱ्याला हळदकुंकू लावायचे. कुंकू पुसट झालं की मध्येच पुन्हा लावायचे. त्या कॅनला घरातलं कुणी हात लावायची सोय नव्हती. पाणी चाखायची सवय तर अशी जडलेली, की आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी माझ्या नणंदेला बघायला आले तेव्हा मुलीकडे न बघता त्यांनी आधी पेल्यातलं पाणी जिभेवर घोळवलं. "पानी गोड शे," म्हणाले, "पोर चांगलीच व्हई." आणि लग्न ठरलं. माझ्या सासूबाई पुढे कितीतरी दिवस हे ज्याला त्याला सांगत होत्या, अभिमानाने की रागाने ते मला अजून कळलेलं नाही.

याच सासूबाईंनी माझ्या नोकरीला नाट लावला होता. पिंपळनेरकडच्या आरोग्य केंद्रात माझी नेमणूक झाली होती. कितीतरी अर्ज, परीक्षा आणि वाट पाहण्यानंतर आलेली ती पहिली सरकारी नोकरी. पण घरातली सून इतक्या लांब, एकटी, आदिवासी भागात? सासूबाई नाही म्हणत होत्या आणि माझे यजमान काहीच म्हणत नव्हते. हो-नाही करता करता हजर होण्याची शेवटची तारीख उजाडली. त्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत सही केली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. आदल्या दिवशी आबा केळी घ्यायला निघालेले असताना सहज आमच्याकडे टेकले होते. पाणी चाखून झाल्यावर त्यांनी घरातला अबोला चाखला आणि सासूबाईंना विचारलं, "सूनले लगीन करीसन आनेल शे का बांधीसन?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सामान काढी ठेव बेटा. सकाये मी येस गाडी लई." व्याह्यांचा शब्द, तोही दारात बसून दिलेला. तो मोडायची टाप कुणाची नव्हती.

सकाळी आबा आले. खाट, गॅस, ट्रंक, डबे, सगळं मागे चढलं. मी नवी कोरी सुती साडी नेसून पुढे बसले. पायाशी कुंकू लावलेला कॅन होता, म्हणून मी पाय आखडून, अंग चोरून बसले. एरंडोलपर्यंत मजेत गेलो. पारोळा सोडलं आणि काटा वर सरकायला लागला. मे महिना, काचा खाली, आत येणारा वारा भाकरीच्या तव्यावरून आल्यासारखा. आबांनी काट्याकडे पाहिलं आणि शांतपणे गाडीचा हीटर पूर्ण जोरात सुरू केला. मला वाटलं, म्हातारा बिघडला. पण इंजिनाची गरमी अशी आत ओढून घेतली की इंजिनाला तेवढा आराम मिळतो, असं त्यांचं शास्त्र होतं. "आपन तपनूत ते निस्ता घाम येस," म्हणाले, "ती तपनी ते वाटमा बसस." नव्या साडीचं पोतेरं झालं. घशाला कोरड पडली. माझी नजर कॅनकडे गेली तशी त्यांनी न बघताच सांगितलं, "ते पानी तिनं शे, आपलं नही." खान्देशात आजवर कुणी सुनेच्या तोंडावर असं बोललं नसेल, आणि मीही अशी की पाय आणखी आत घेतले.

धुळं थोडं लांब असताना फट्‌ आवाज झाला, बॉनेटखालून वाफेचा लोट उठला आणि गाडी रस्त्याकडेला लागली. पाण्याचा रबरी पाइप फाटला होता. आबांनी सीटखालून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या आणि पाइपला करकचून आवळल्या. ते काम त्यांच्या हातचं होतं. मग मोठ्या मानाने कॅन काढला, झाकण उघडलं, सवयीने दोन थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावले, आणि तसेच थिजले. कॅनमध्ये ताक होतं. जिरं-मीठ घालून, फेस आणून केलेलं उत्तम ताक. माझ्या नणंदेने ते माझ्यासाठी दिलं होतं. वहिनी पहिल्यांदा नोकरीला निघाली, नवं बिऱ्हाड मांडणार, म्हणून त्या भाबड्या मुलीने ताकाच्या, तसल्याच पांढऱ्या कॅनलाही हळदकुंकू लावलं होतं. आबांनी पहाटे ओट्यावरचा कुंकवाचा कॅन बघितला आणि उचलला. इंजिनाच्या पाण्याचा कॅन घरच्या कोनाड्यात सुखरूप होता, असं मागाहून कळलं. म्हणजे इतका वेळ तहानेने जीव जात असताना मी ताकाला पाय लागू नये म्हणून अंग चोरून बसले होते.

आम्ही दोघांनी ते कोमट ताक प्यायलं. मला हसू येत होतं आणि रडूही. लग्नसराईच्या एसट्या खच्चून भरलेल्या, हात दाखवला तरी थांबत नव्हत्या. उन्हं डोक्यावरून कलली होती. आबा जवळच्या ढाब्यावरून कूपनलिकेच्या पाण्याची बादली घेऊन आले, चाखलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "खारं शे," एवढंच म्हणाले. एरवी त्यांनी कुणाकडून तरी घरचा कॅन मागवला असता, दिवस मोडला तरी बेहत्तर. तो आला तरी बॉनेट पार गार होईपर्यंत पाणी घातलं नसतं, कारण तापल्या इंजिनात पाणी घातलं की ते आतून तडकतं. त्यांनी बॉनेटवर उलटा हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग मला विचारलं, "तुनं हापिस कव्हय बंद व्हस?" मी सांगितलं. आबांनी डोक्याचा रुमाल सोडला, ओला करून हाताला गुंडाळला आणि इंजिन चालू करून ते खारं पाणी धार धरून आत सोडायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज तिले खारं चाली जाई. तुले टाइमवर पोचनं शे." आयुष्यभर जे पाप म्हणून टाळलं, ते त्यांनी भर उन्हात, एका परक्या घरच्या सुनेसाठी केलं.

साक्री मागे पडलं, पिंपळनेर आलं. आरोग्य केंद्रातले कारकून कपाटाला कुलूप घालत होते. माझ्या साडीकडे बघून त्यांना वाटलं, रुग्णच आली. सही करताना हातातला घाम कागदावर उतरला. बाहेर येऊन बघते तर आबा बॉनेट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसलेले. "व्हयनी का?" त्यांनी विचारलं. झाली म्हटल्यावर मान हलवली आणि खाट उतरवायला लागले.

पुढचं मला नणंदेकडून कळलं. त्या फेरीनंतर गाडी पहिल्यासारखी कधी चाललीच नाही. इंजिनाचं गॅस्केट उडालं, हेड वाकलं, रेडिएटर पुटं चढून आतून चोंदला, आणि शेवटी मुलांनी ती भंगारात काढली. गावात कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "वय व्हयी गयं तिनं." ढाब्याच्या पाण्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही, माझ्यापुढेही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, ताक मात्र चांगलं होतं. मला आई-वडिलांनी शिकवलं आणि सरकारने नोकरी दिली, हे खरं. पण माझ्या पायावर मी उभी आहे ती आबांमुळे, आणि हे मी कुठेही, कुणाहीपुढे सांगेन.

मागच्या वर्षी मी स्कूटर घेतली आणि धुळ्याहून वळसा घालून त्यांना दाखवायला नेली. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी हातानेच तिला चाचपलं आणि विचारलं, पाणी कुठून घालायचं? मी म्हटलं, "हिला पाणी लागतच नाही आबा. वाऱ्यानेच गार होते." त्यांनी तिच्यावरून पुन्हा हात फिरवला. मग म्हणाले, "मंग मानुसनी हिनं करानं काय?"

तेव्हापासून पिंपळनेरहून त्यांच्या गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी मी पाणी उकळते, गार करते, फडक्यातून गाळते आणि पांढऱ्या कॅनमध्ये भरते. कुंकू लावते. आबा ते जिभेवर घोळवतात, गोड शे म्हणतात, आणि कॅन कोनाड्यात त्याच जागी ठेवायला सांगतात. साक्रीपासून पुढे ऊन फार असतं. कॅन माझ्या पायाशी असतो. तहान लागली तरी मी त्याला हात लावत नाही.